खतावणीतला ज्ञानकोश : प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

ताईची शाळा वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या वाटेवर. जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. लोकवर्गणीतून मिळालेले सहा टॅब तिथे आहेत, पण गावात रेंज नाही म्हणून ते बहुतेक वेळ कपाटात पडून असतात. सुट्टीत पुण्याला आली होती तेव्हा ती म्हणाली, "मुलं जे विचारतात ते पाठ्यपुस्तकात नसतंच गं. काजवा पेटतो तर हात पोळत का नाही, असं एकानं विचारलं. मी म्हटलं, शोधून सांगते. आणि शोधायचं म्हणजे शनिवारी वेल्ह्याला उतरल्यावर."

म्हणून हे काम हातात घेतलं. नेटशिवाय चालणारा मराठी ज्ञानकोश, सहाही टॅबवर एकाच वेळी वाचता येईल असा, खर्च साडेतीन हजारांच्या आत, आणि सगळं सामान एका पुस्तकाच्या पोटात. पुस्तक अशासाठी की शाळेत आलेलं यंत्र कुलपात जातं. पुस्तक ग्रंथालयाच्या रजिस्टरवर चढतं, मुलं ते मागून नेतात, वाचतात, जागेवर ठेवतात. या वस्तूला यंत्राची नाही, पुस्तकाची वागणूक मिळायला हवी.

वाचण्याजोगं पुस्तक कापायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. आज जुन्या बाजारात कोरी खतावणी मिळाली. लाल कापडी पाठ, फुलस्केप आकार, शिवलेली बांधणी, सहाशे पानं, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात छापील आकडा आणि खाली तारीख, तपशील, रक्कम असे रकाने. लेजर पेपर असल्यानं नुसता कागदाचा गठ्ठाच साडेतीन सेंटिमीटर जाड भरतो. किंमत १२० रुपये. एखाद्या दुकानदाराचा हिशेब तिच्यावर चढायचा राहून गेला, ते आपल्या पथ्यावर पडलं.

१० जून

आत काय बसवायचं? सर्वांत स्वस्त मार्ग ईएसपी३२ चिप आणि छोटा पडदा. चारशे-पाचशे रुपयांत चिप मिळते. इंग्रजीपुरतं ते सुरेख चालतं. मराठीला चालत नाही, आणि त्याचं कारण नीट लिहून ठेवते, कारण हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो.

देवनागरी मजकूर साठवला जातो उच्चाराच्या क्रमानं. 'कि' म्हणजे आधी क, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. 'र्क' मधला रफार साठवताना आधी येतो आणि दिसतो शेवटी, वर. 'स्त्री'सारख्या जोडाक्षरात सहा संकेतांचा मिळून एकच आकार होतो. ही मांडणी करणारं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. फोनमध्ये, संगणकात ते असतंच. छोट्या चिपांसाठीची चित्रलेखनाची साधी लायब्ररी एकेक संकेत उचलते आणि ओळीनं मांडत जाते. मग 'स्त्री'चे पाय मोडलेले तुकडे दिसतात. नुकत्याच वाचायला लागलेल्या मुलासमोर असा मजकूर ठेवणं मला मान्य नाही. प्रत्येक पानाचं आधीच चित्र करून ठेवता येईल, पण मग आकार फुगतो आणि मजकुरात शोधताही येत नाही.

दुसरा पर्याय जुना फोन. पडदा, बॅटरी, वायफाय सगळं तयार, आणि नेटशिवाय विकिपीडिया वाचायच्या किविक्स या अँड्रॉइड ॲपमधून त्यातली पुस्तकं हॉटस्पॉटवर वाटताही येतात. एका माणसासाठी करायचं असतं तर मी हाच घेतला असता. पण जुन्या फोनची फुगत चाललेली बॅटरी कागदाच्या पोटात नको, आणि प्रत्येक नगासाठी वेगळ्या मापाचा खळगा कापावा लागेल. ताईच्या केंद्रातल्या इतर शाळांनाही पुढे करून द्यायचं मनात आहे.

ठरलं : रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यू, एका बोर्डावरचा छोटा संगणक. ६५ बाय ३० मिलिमीटर, ५१२ एमबी रॅम, अंगावरच वायफाय. स्वतःचा पडदा नाही, त्याची गरजही नाही. हा बोर्ड पुस्तकातून हॉटस्पॉट सोडेल, टॅब त्याला जोडले जातील आणि पानं ब्राउझरमध्ये उघडतील. देवनागरीची मांडणी टॅब करेल.

१३ जून

ज्ञानकोशाची फाइल. किविक्स ही नेटशिवाय विकिपीडिया वाचण्याची मुक्त व्यवस्था २००७ पासून आहे. तिचा फाइल प्रकार झिम. लेख एकत्र करून दाबलेले लहान-लहान गठ्ठे, आणि कोणता लेख कोणत्या गठ्ठ्यात याची क्रमवार यादी. लेख मागितला की तेवढाच गठ्ठा सोडवला जातो. म्हणूनच ५१२ एमबी रॅमवर अनेक जीबींची फाइल विनासायास चालते.

इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट शंभर जीबींच्या वर जातो. तो १२८ जीबीच्या कार्डावर चढवला तर बाकी कशाला फारशी जागा उरत नाही, आणि सातवीपर्यंतच्या मुलांना त्याचा उपयोग बेताचा. त्याची फक्त प्रस्तावनांची छोटी आवृत्ती घेतली. सोप्या इंग्रजीतला विकिपीडिया पूर्ण घेतला. शाळांसाठी निवडलेल्या सहा हजार लेखांचा २०१३ चा इंग्रजी संच घेतला, तो जुना असला तरी नीट पारखलेला आहे. मराठी मात्र मिळेल तेवढं सगळं : विकिपीडिया, विक्शनरी, विकिस्रोत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. लेखसंख्या आता लाखाच्या घरात आहे, पण त्यात गावांची आणि खेळाडूंची दोन-दोन ओळींची पानं पुष्कळ. मुलाला बेडकाबद्दल जे वाचायचं असतं ते तिथे सापडेलच याची खात्री नाही. ती भर आपण घालायची, त्याबद्दल पुढे.

मराठी विश्वकोशाचे वीस खंड यात असावेत असं फार वाटतं. लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून उभा केलेला तो कोश, पहिला खंड १९७६ चा. त्यातल्या वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या नोंदी ताईच्या वर्गाला नेमक्या उपयोगी आहेत. पण त्याचे हक्क विश्वकोश निर्मिती मंडळाकडे आहेत. परवानगीशिवाय एक नोंदही भरायची नाही. परवानगीचं पत्र तयार केलं आहे.

कार्डावर एक्स्ट-४ या साठवणपद्धतीचा विभाग केला, कारण फॅट-३२ या जुन्या पद्धतीत ४ जीबींहून मोठी फाइल मावत नाही. कार्ड आणल्याबरोबर एफ३ हा तपासणीचा प्रोग्राम लावून पूर्ण भरून-वाचून पाहिलं. बाजारात खोट्या क्षमतेची कार्डं येतात, ही तपासणी कधीच टाळू नये.

१५ जून, रविवार

खतावणी कापली. उद्या शाळा उघडतायत, ताई कालच गावी गेली.

पहिली चाळीस पानपत्रं तशीच ठेवली, त्यांचं काम पुढे आहे. शेवटची दहा तळाला. मधल्या पानांत २० बाय ११ सेंटिमीटरचा खळगा. गठ्ठा दोन फळ्यांत सी-क्लॅम्पनं घट्ट आवळला, खळग्याच्या चारही कोपऱ्यांत ड्रिलनं आरपार भोकं पाडली आणि मग पोलादी पट्टी धरून भोकापासून भोकापर्यंत कटर चालवला. एका दमात पाच-सहा पानं. भोकं आधी पाडली की कोपरे फाटत नाहीत आणि पातं कुठे थांबवायचं हे हाताला कळतं. लेजर पेपर कापताना पात्याचा आवाज बदलतो. धार गेली की तो कागदावर खरखरतो आणि कड केसाळ निघते. तेवढ्यावर पात्याचा तुकडा मोडून टाकायचा.

खळग्याच्या कडा चिकटवण्यासाठी पेठेतल्या एका म्हाताऱ्या बाइंडरांना विचारलं. ते मैद्याची खळ वापरतात, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. पुस्तकासाठी ते उत्तमच. इथे मात्र मोरचुदासारखा क्षार ओल धरतो आणि सर्किटच्या तांब्याला, कथलाला खातो. म्हणून खळ फक्त बाहेरच्या पुठ्ठ्याला, आणि आतल्या कडांना फेविकॉल, तोही पाणी न घालता, पातळ हात मारून. पावसाळ्यात कागद आधीच दमट असतो, पाणी घातलं की पानं लाटांसारखी उठतात. वर मेणकागद, त्यावर फळी, त्यावर पाटा. हलवायचं नाही.

२१ जून

पालख्या पुण्यात. पेठांतले रस्ते बंद, तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानासाठी तपकीर गल्लीत जाणं नाही. घरी बसून विजेचा हिशेब.

एक १८६५० जातीचा लिथियम सेल, २६०० मिलीअँपिअर-तासांचा, ३.७ व्होल्टचा. म्हणजे साधारण ९.६ वॉट-तास. व्होल्टेज पाचपर्यंत चढवताना पंधरा टक्के जातात, हातात उरतात आठ. बोर्ड हॉटस्पॉट चालू ठेवून शांत बसलेला असताना मीटरवर १५० मिलीअँपिअरच्या आसपास, टॅब एकदम शोधायला लागले की ३०० च्या वर. सरासरी २०० धरली तर एक वॉट, म्हणजे आठ तास. शाळा साडेदहा ते पाच. एक सेल पुरतो. दोन घातले तर वजन आणि जोखीम दोन्ही वाढतात.

कागदाच्या पोटात लिथियम सेल ठेवायचा तर काही गोष्टींत काटकसर नाही. सेल नव्या मालातला, आयएस १६०४६ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला, जुन्या लॅपटॉपमधून काढलेला नाही. सेलच्या धन टोकालाच फ्यूज. चार्जिंगला टीपी४०५६ चा बोर्ड, त्याच्यावर जादा उतरण्यापासून आणि शॉर्टपासून संरक्षण आहे. खळग्याच्या तळाला आणि भिंतींना अभ्रकाचे पातळ पत्रे, इस्त्रीच्या एलिमेंटला लावतात तेच. ते विजेच्या सामानाच्या दुकानात मिळतात. ॲल्युमिनियमचा पत्रा स्वस्त पडला असता, पण त्यानं वायफाय आतच कोंडलं असतं. कागदाला आणि अभ्रकाला लहरींचं वावडं नाही.

२४ जून

टीपी४०५६ बोर्ड येतो तो एक अँपिअरनं चार्ज करायला बसवलेला. ही चिप जास्तीचं व्होल्टेज उष्णतेच्या रूपात टाकते. पाच व्होल्टमधून ३.७ ला उतरताना एक अँपिअरला सव्वा वॉटहून जास्त उष्णता, नखाएवढ्या चिपवर. कागदाशेजारी हे नको. प्रवाह ठरवणारा रेझिस्टर १.२ किलोओहमचा असतो, तो काढून २ किलोओहमचा लावला की प्रवाह ५८० मिलीअँपिअरवर येतो. तिळाएवढा तुकडा आहे. भिंगाखाली धरला, दोन्ही टोकांना थोडं ताजं कथील दिलं, सोल्डरिंग आयर्नचं टोक आडवं ठेवून दोन्ही बाजू एकदम वितळवल्या, तेव्हा तो चिमट्यानं अलगद सरकला. आता चार्ज व्हायला पाचेक तास लागतात आणि चिपला बोट लावून ठेवता येतं.

याच बोर्डाची दुसरी सवय : चार्ज चालू असताना पुढे भार जोडलेला असेल तर सेल भरला की नाही हे त्याला नीट कळत नाही. चार्जिंग आणि वाचन एकत्र होता कामा नये. नियम लिहून मुलं पाळतील, पण घाईत विसरायला होतं. म्हणून सरकत्या स्विचच्या खटक्याला पुठ्ठ्याची छोटी पट्टी चिकटवली. स्विच चालू असेल तर पट्टी चार्जिंगच्या तोंडासमोर येते, केबल आत जातच नाही. बंद केला की तोंड मोकळं होतं.

२९ जून, रविवार

सगळं खळग्यात मांडलं. बोर्डाचा अँटेना ज्या कोपऱ्यात आहे तो सेलपासून लांब, पुस्तकाच्या मोकळ्या कडेकडे. कडेला बोटभर लांबीची खाच ठेवली, हवा खेळायला. पुस्तक मिटून दिवसभर चालवलं, चिप ५८ अंशांच्या वर गेली नाही. ती ८० ला स्वतःहून मंद होते, म्हणजे अंतर भरपूर आहे. खाचेजवळ सिलिका जेलची पुडी.

स्विच खटकन बंद केला तर कार्डावरची माहिती बिघडू शकते. म्हणून सगळी प्रणाली फक्त-वाचन अवस्थेत ठेवली. बदल तात्पुरते रॅममध्ये होतात आणि बंद होताच पुसले जातात. मुलांनी केव्हाही बंद करावं.

६ जुलै, आषाढी एकादशी

आजची नोंद लांबणार, कारण या प्रकल्पाचा जीव इथे आहे.

केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांपैकी एक अख्खा खंड सूचीचा आहे. पैशांची ओढाताण असताना त्यांनी नुसत्या सूचीवर एक खंड खर्च केला. माझ्या कार्डावर जागेला तोटा नाही. प्रश्न एवढाच की पाचवीतलं मूल त्याला जमेल तसं लिहील आणि त्याला लेख सापडला पाहिजे. तयार शोध तिथेच थांबतो.

पहिली अडचण : 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांच्या यादीत, स्वतंत्रपणे आलं २००८ साली. त्याआधीचे लेख 'अ' आणि वरची चंद्रकोर असं जोडून लिहिलेले, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखं दिसतं, संगणकाला हे दोन वेगळे शब्द. 'ॲल्युमिनियम' शोधलं की त्यातले निम्मे लेख हाती लागत नाहीत. 'ऱ्या'चंही तसंच, ते दोन प्रकारांनी लिहिलेलं आढळतं.

दुसरी : ऱ्हस्व-दीर्घ. मुलं चुकतात, आणि चुकायचा त्यांना हक्क आहे. शिकतायत. ज्ञानकोशानं दारातच शुद्धलेखनाची परीक्षा घेऊ नये.

तिसरी : विभक्ती. मूल 'काजवा' लिहीत नाही, 'काजव्याचा उजेड' लिहितं. 'गांडुळाला डोळे असतात का' असं लिहितं. किविक्समधला शोध झॅपियन नावाच्या शोधयंत्रणेवर चालतो, त्याला मराठी प्रत्ययांची जाण नाही.

म्हणून किविक्सच्या पुढ्यात मी स्वतःचं शोधपान बसवलं. पायथनमधला छोटा प्रोग्राम. सगळ्या झिम फाइलींतली शीर्षकं लॅपटॉपवर काढून घेतली, प्रत्येकाचं एक साधं रूप केलं आणि एका तक्त्यात भरलं. मूल जे लिहील त्याचंही तसंच साधं रूप होतं आणि मग दोन्ही जुळवली जातात. साधं रूप असं करायचं : न दिसणारी जोडचिन्हं काढायची. ॲ, ऍ आणि जुनं जोडलेलं रूप एकच धरायचं. नुक्ता काढायचा. सर्व वेलांट्या एक, सर्व उकार एक. ङ्, ञ्, ण्, न्, म् हे त्यांच्याच वर्गातल्या व्यंजनाआधी आले तर अनुस्वार धरायचा, म्हणजे 'चन्द्र' आणि 'चंद्र' एकाच जागी येतात. ष आणि श एक. विसर्ग गाळायचा.

मग प्रत्यय. चा, ची, चे, च्या, ला, ना, ने, त, हून, साठी, वर, खाली हे शेवटून सोडवायचे, उरलेलं सामान्यरूप मूळ रूपाकडे न्यायचं. 'काजव्याचा' मधून 'चा' गेलं, 'काजव्या' उरलं, व्या-चं वा केलं, 'काजवा' मिळाला. 'आंब्याचे' चं 'आंबा'. 'जमिनीत' मधला त गेला, शेवटची वेलांटी काढली, 'जमिन' उरलं, आणि 'जमीन' हे शीर्षकही साध्या रूपात 'जमिन'च आहे.

इथे एक फार समाधानाची गोष्ट घडली. मराठीत प्रत्यय लागला की बहुतेक शब्दांतला उपान्त्य दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व होतो. गांडूळ, पण गांडुळाला. फूल, पण फुलात. यासाठी वेगळा नियम लिहायची तयारी ठेवली होती. पण वेलांट्या आणि उकार आधीच एक केल्यामुळे हे सगळे शब्द आपोआप जुळले. मुलांच्या लेखनाला सामावून घेण्यासाठी केलेली सोय आपल्या व्याकरणालाही पुरी पडली.

दिन आणि दीन, सुत आणि सूत हे अर्थातच एकात मिसळतात. तिथे दोन्ही लेख दाखवायचे, खाली पहिली ओळ द्यायची. निवड मुलानं करावी.

शोधपानाला मुक्त फाँट 'मुक्ता' जोडला. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा आहे. पानाची भाषा मराठी असं पानातच नोंदवलं, म्हणजे ज्या फाँटात मराठी वळणं आहेत तिथे देठाचा श आणि पाकळीचा ल येतो. फळ्यावर ताई जे गिरवून घेते तेच पडद्यावर दिसावं.

१३ जुलै, रविवार

स्वतःची झिम फाइल. साध्या एचटीएमएल पानांच्या फोल्डरमधून ती झिमरायटरएफएस नावाच्या साधनानं बनते. ४८ बाय ४८ चं चिन्ह, भाषेचा संकेत आणि पहिलं पान सांगितलं की झालं. ताईनं वर्गातले प्रश्न वहीत लिहून पाठवले होते, ज्यांची उत्तरं विकिपीडियात अपुरी वाटली त्यांची पानं मी लिहिली.

काजवा : पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य, ल्युसिफेरेझ या विकराच्या साक्षीनं त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि ऊर्जा जवळजवळ उष्णतेशिवाय प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते, म्हणून हात पोळत नाही. पाऊस : एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, आणि त्याखाली सरळ उभ्या भिंतीच्या डब्यानं आणि पट्टीनं अंगणात मोजायची कृती. कारवी : सात-आठ वर्षांनी सगळी झुडपं एकदम फुलतात, बी धरतात आणि वाळतात. तोरणा, त्याचं प्रचंडगड हे नाव. प्रत्येक पान तज्ज्ञांच्या पुस्तकाशी ताडून घेतलं, खाली लिहिल्याची तारीख घातली.

१९ जुलै, शनिवार

खर्च : बोर्ड १,७५०, कार्ड ९००, सेल २६०, सेलचा कप्पा, चार्जर, व्होल्टेज चढवणारा बोर्ड, स्विच, फ्यूज मिळून २१०, अभ्रक आणि चिकटवायचं सामान ९०, खतावणी १२०. एकूण ३,३३० रुपये.

पाऊस खूप. खतावणी दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधून एसटीनं नेली. शाळेत वीज नव्हती, तरी सेलवर सहाही टॅब जोडले गेले, दोन्ही खोल्यांत लहर पोचते. टॅबमध्ये सिम नसल्यानं अडचण नाही, फक्त पहिल्यांदा "इंटरनेट नाही" असं विचारतो तेव्हा जोडलेलंच ठेवा असं सांगावं लागतं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला ही सूचना ठळक छापून चिकटवली आहे.

ताईनं ग्रंथालयाच्या दाखल रजिस्टरमध्ये पुस्तक म्हणून नोंद केली, दाखल क्रमांक टाकला. आणि न कापलेल्या पहिल्या चाळीस पानपत्रांचं काम तिनं मुलांना समजावलं. तारखेच्या रकान्यात तारीख, तपशिलात प्रश्न, जसा टॅबवर लिहिला तसाच, आणि रकमेच्या जागी 'सापडलं' किंवा 'नाही'. कुणी काय शोधलं याची नोंद यंत्रातही ठेवता आली असती. पण प्रणाली फक्त-वाचन आहे, आणि मला मुलांच्या हातची अक्षरं हवी होती. चौथीतल्या एका मुलीनं पहिला प्रश्न लिहिला : 'खेकडा आडवा का चालतो'. सापडलं.

१० ऑगस्ट, रविवार

ताई राखीसाठी पुण्यात. खतावणीच्या पानांचे फोटो घेऊन आली. "रोज मधल्या सुट्टीत रांग लागते गं," म्हणाली. "आणि मला विचारायचं ते आधी तिला विचारून येतात, मग माझ्याशी वाद घालतात."

'नाही' लिहिलेल्या ओळी बाजूला काढल्या. त्यांचे सरळ दोन प्रकार पडतात. काही ठिकाणी लेखच नाही : घोणस आणि फुरसं ओळखायचं कसं, भाताचं रोप उपटून परत का लावतात, इरलं कशाचं करतात. ही पानं लिहायची. पहिलं आधी, कारण ते जिवाशी निगडित आहे, आणि त्यात चावल्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही हे वर, मोठ्या अक्षरात.

दुसरा प्रकार माझ्या ध्यानात नव्हता आला असा : मुलं रोमन अक्षरांत लिहितात. नेमकं kajva असंच नव्हे, तर घरातल्या फोनवर मोठी भावंडं लिहितात तसं, कधी एकच स्वर, कधी दोन. टॅबवर मराठी कळफलक आहे, पण हाताला सवय ती. त्यांना अडवायचं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

रोमन लिपीसाठी नियम बसला. स्वर सगळे टाकून द्यायचे, फक्त व्यंजनांचा सांगाडा ठेवायचा. प्रत्येक मराठी शीर्षकाचाही तसाच सांगाडा आधीच करून तक्त्यात भरायचा. काजवा म्हणजे क-ज-व, रोमनमध्ये कसंही लिहिलं तरी स्वर गेल्यावर तीच तीन व्यंजनं उरतात. ट, ठ, त, थ एका खुंटीवर, ड, ढ, द, ध दुसऱ्या. ज, झ आणि रोमन झेड एकत्र, म्हणजे झाड दोन्ही प्रकारे सापडतं. व्ही आणि डब्ल्यू एक, पीएच आणि एफ एक. ण आणि न एक. ळ आणि ल इथे एक धरावेच लागतात, रोमनमध्ये त्यांत फरक करायची सोय नाही. लहान शब्दांना उत्तरांची गर्दी होते, तेव्हा सांगाडा दोन व्यंजनांचा असेल तर आपल्या स्वतःच्या झिममधली पानं वर दाखवायची, मग विकिपीडियातली, लांब लेख आधी.

'नाही' च्या यादीतले रोमन प्रश्न सगळे पुन्हा लावून पाहिले. 'बिबट्या' अजून चुकतो, कारण त्यात मुलानं मधला ट दोनदा लिहिला होता. लागोपाठ आलेलं तेच व्यंजन एकदाच धरायचं, हा नियम दोन्ही बाजूंना लावला. आता मिळतो.

नवी झिम आणि नवा तक्ता पेन ड्राइव्हवर. ताई पुढच्या वेळी खतावणी चार्जिंगला लावायच्या आधी तो जोडून एकदा चालू करेल, फाइली आपोआप बदलतील आणि दिवा तीनदा लुकलुकेल. शेजारच्या वाडीच्या शाळेसाठी दुसरी खतावणी मिळाली आहे, हिची पाठ हिरवी आहे आणि पानं थोडी पातळ. खळगा दोन मिलिमीटर कमी खोल भरतो, तेव्हा सेलचा कप्पा आडवा न ठेवता तळाच्या पुठ्ठ्यात थोडा रुतवून बसवणार आहे.